पिवळी कावीळ, पांढरी कावीळ

डोळे पिवळे दिसले की मराठी घरात रोगाचे नाव लगेच ठरते: कावीळ. वैद्यकाच्या दृष्टीने ही एक खूण आहे आणि तिच्यामागे अनेक रोग असू शकतात. रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांच्यातील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते आणि यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडून देते. शौचाला रंग येतो तो याच द्रव्यामुळे. यकृताच्या पेशी सुजल्या की ही वाट अडते आणि बिलिरुबिन रक्तात साठू लागते. आधी लघवी गडद होते, मग डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, शेवटी त्वचा. पित्तनलिकेत खडा अडकला, लेप्टोस्पायरोसिस झाला, दारूने यकृत खराब झाले किंवा क्षयाची औषधे सोसली नाहीत, तरी डोळे असेच पिवळे होतात. येथे विचार करायचा आहे तो विषाणूंमुळे होणाऱ्या यकृतदाहाचा. त्याला वैद्यकात व्हायरल हिपॅटायटिस म्हणतात आणि त्याचे मुख्य विषाणू पाच आहेत: ए, बी, सी, डी आणि ई.

गावाकडच्या बोलण्यात दोन काविळी आहेत, पिवळी आणि पांढरी. पिवळी म्हणजे दिसणारी, महिना-दीड महिन्यात उतरणारी. पांढरी म्हणजे न दिसणारी, आतून पोखरणारी, आणि हे नाव बहुधा हिपॅटायटिस बी साठी वापरले जाते. शास्त्राच्या पुस्तकात ही नावे नाहीत, पण त्यांमागचे निरीक्षण पक्के आहे. ए आणि ई हे विषाणू तोंडावाटे शिरतात, गाजावाजा करून येतात आणि सहसा निघून जातात. बी, सी आणि डी रक्तावाटे शिरतात आणि वर्षानुवर्षे डोळ्यांत पिवळेपणाचा लवलेशही न दाखवता यकृतात राहू शकतात. या दोन घराण्यांचे मार्ग वेगळे, म्हणून त्यांना अडवण्याची नाकीही वेगळी. पाणी उकळून बी टळत नाही आणि सुई बदलून ई टळत नाही.

यकृत गप्प का राहते, हे आधी समजून घ्यावे. उजव्या बरगड्यांखालचा हा सुमारे दीड किलोचा अवयव अन्नरसावर प्रक्रिया करतो, रक्त गोठवणारी प्रथिने बनवतो, औषधे आणि विषारी द्रव्ये निकामी करतो. त्याच्या गाभ्यात वेदना जाणवणाऱ्या नसा नाहीत. शिवाय त्याचे राखीव बळ इतके आहे की बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो. त्यामुळे जुनाट विषाणू यकृतात व्रणासारखे घट्ट धागे विणत राहतो, म्हणजे सिऱ्होसिसकडे नेतो, आणि माणूस मात्र शेतात, कारखान्यात, कचेरीत नेहमीसारखा काम करत असतो. पोटात पाणी झाले किंवा रक्ताची उलटी झाली की प्रथमच कळते.

काविळीचे हे दोन मार्ग वेगळे आहेत हे उमगायला फार काळ गेला. १८८३ साली जर्मनीतील ब्रेमेन येथे जहाजबांधणीच्या कामगारांना देवीची लस दिली गेली होती. ती मानवी लसीकेपासून केलेली होती. १,२८९ कामगारांपैकी १९१ जणांना पुढे कावीळ झाली, आणि ल्युरमन या डॉक्टरने तिचा संबंध त्या लसीशी जोडला. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याला पीतज्वराची लस टोचली गेली. ती टिकावी म्हणून तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळला होता, आणि सुमारे ५०,००० सैनिक काविळीने रुग्णालयात दाखल झाले. अशा घटनांनंतर १९४७ मध्ये ब्रिटनच्या मॅक्कॅलम यांनी साथीच्या काविळीला ए आणि रक्तातून येणाऱ्या काविळीला बी अशी नावे सुचवली. पुढे न्यूयॉर्कच्या विलोब्रूक संस्थेत सॉल क्रुगमन यांनी दोन्ही रोग वेगळे असल्याचे दाखवले, पण त्यासाठी मतिमंद मुलांना मुद्दाम संसर्ग दिला गेला. वैद्यकाच्या इतिहासातला हा डाग आहे. त्यातून मिळालेले ज्ञान खरे आहे, म्हणून तो पुसला जात नाही.

तोंडावाटे येणाऱ्यांपैकी ए हा अधिक परिचित. १९७३ मध्ये फाइनस्टोन, कापिकियन आणि पर्सेल या अमेरिकी संशोधकांना तो रुग्णाच्या शौचात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. रुग्णाच्या शौचातून बाहेर पडणारा हा विषाणू पाणी, अन्न किंवा हातांमार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातो. संसर्गापासून लक्षणांपर्यंत १५ ते ५० दिवस, सरासरी चार आठवडे लागतात. या मधल्या काळाचा परिणाम मोठा आहे: लग्नात प्यालेल्या पाण्याची कावीळ महिन्याने उमटते, तोवर ते लग्नही विसरलेले असते. शौचातून सर्वाधिक विषाणू बाहेर पडतात ते डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत. रोग ओळखून ताट-वाटी वेगळी करेपर्यंत घरात जे पसरायचे ते पसरून गेलेले असते. म्हणून साबणाने हात धुण्याची सवय आजारपण येण्याआधीपासून असावी लागते.

सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना ए झाल्याचे कळतही नाही. थोडा ताप, दोन दिवस जेवणावर वासना नाही, एवढेच. आणि एकदा होऊन गेला की जन्मभराची प्रतिकारशक्ती राहते. पूर्वी भारतात जवळजवळ प्रत्येक मूल दहाव्या वर्षापर्यंत या वाटेने जाऊन आलेले असे. स्वच्छ पाणी आणि बंद संडास मिळालेल्या घरांतील मुले आता त्याला न भेटताच मोठी होतात. पुण्यातील सुस्थितीतल्या वर्गाच्या रक्ततपासण्यांतही हा बदल दिसून आला आहे. मग वसतिगृहात, पर्यटनात किंवा नोकरीच्या गावी विसाव्या-पंचविसाव्या वर्षी तो गाठतो, आणि मोठ्या वयात तो कठोर असतो. आठवडेच्या आठवडे अशक्तपणा राहतो, क्वचित यकृत एकाएकी निकामी होते. केरळात २०२४ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात झालेल्या उद्रेकात तरुण आणि प्रौढ रुग्ण दगावले. स्वच्छता अर्धवट सुधारली की ए चे ओझे वयाने वर सरकते. त्यावर उपाय लस. पहिल्या वाढदिवसानंतर मृत विषाणूची लस सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा, किंवा क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची एकदा दिली जाते. राष्ट्रीय लसीकरणात ती नाही, बालरोगतज्ज्ञ मात्र सुचवतात. ज्या घरात मूल शुद्ध पाण्यावर वाढते आहे त्या घरात तिची गरज अधिक आहे, कमी नाही.

ई ची कथा मुख्यतः भारताची कथा आहे. १९५५ च्या पुरानंतर दिल्लीजवळ यमुनेने पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत मागे सरकले. जलशुद्धीकरण केंद्रातील कर्मचाऱ्यांना पाणी बिघडल्याचे कळले होते. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले. त्याचा उपयोगही झाला, कारण विषमज्वर आणि हगवण वाढली नाही. पण महिन्याभराने, डिसेंबरात, कावीळ सुरू झाली आणि जानेवारी १९५६ संपेपर्यंत डोळे पिवळे झालेल्यांची संख्या सुमारे २९,३०० वर गेली. जिवाणूंना मारायला पुरलेले क्लोरीन या विषाणूला पुरले नव्हते. गर्भवती स्त्रियांमध्ये आजार विशेष तीव्र होता, हेही तेव्हाच नोंदले गेले. त्या काळी ही साथ ए ची मानली गेली. प्रौढांना एवढ्या संख्येने ए कसा होईल, हा प्रश्न नोंदींत पडून राहिला.

उत्तर साठवलेल्या रक्तद्रवात होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेतील एम. ए. श्रीनिवासन, खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रॉबर्ट पर्सेल यांच्या गटाबरोबर दिल्लीच्या आणि १९७५-७६ च्या अहमदाबादच्या साथीतील जुने नमुने नव्या चाचण्यांनी तपासले. १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हा ए ही नव्हे आणि बी ही नव्हे. त्याच सुमारास काश्मीरमधील डॉ. मोहम्मद सुलतान खुरू स्वतंत्रपणे याच ठिकाणी पोचले होते. १९७८ च्या नोव्हेंबरपासून काश्मीर खोऱ्यात उसळलेल्या साथीत सुमारे ५२,००० लोकांना कावीळ झाली आणि सुमारे १,७०० मृत्यू झाले. मृतांत गर्भवती स्त्रियांचे प्रमाण पाहून खुरूंनी हा निराळाच विषाणू असल्याचे मांडले. १९८३ मध्ये रशियन विषाणूतज्ज्ञ मिखाईल बलायान यांनी तो दाखवला. अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैनिकांच्या शौचाचा अर्क ते स्वतः प्यायले, त्यांना कावीळ झाली, आणि त्यांच्याच शौचात विषाणूचे कण सापडले. पुढे पुण्यात डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी देशातील अनेक साथींमागे हाच विषाणू असल्याचे दाखवून दिले. १९९१ मध्ये कानपुरात अंदाजे ७९,००० लोकांना तो झाला. २०१२ मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत, २०१५-१६ मध्ये सिमल्यात, मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्यानेच कावीळ पसरली. सत्तर वर्षांत कारण बदललेले नाही.

एरवी ई चा आजार ए सारखाच असतो आणि आपोआप बरा होतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र त्यात २० ते २५ टक्के स्त्रियांचा मृत्यू होऊ शकतो. गावात काविळीची साथ असेल तर गर्भवतीने फक्त उकळलेले पाणी प्यावे आणि भूक मंदावली, मळमळ वाढली, लघवी पिवळी झाली की त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. अशा वेळी साधी कावीळ म्हणून वाट पाहणे हा जिवाशी खेळ आहे. ई वरील लस चीनमध्ये २०११ पासून आहे आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानच्या बेंतिऊ छावणीत साथ रोखण्यासाठी ती वापरली गेली, पण भारताच्या नेहमीच्या लसीकरणात तिला जागा नाही. युरोप-जपानात ई चे वेगळे वाण डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून माणसात येते. भारतातील वाण माणसाकडून पाण्यात आणि पाण्यातून माणसात फिरते.

पिण्याचे पाणी बिघडते कुठे? बहुतेक वेळा शुद्धीकरण केंद्रात नव्हे, तर तिथून नळापर्यंतच्या वाटेत. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून तास-दोन तास येते, काही गावांत आठवड्यातून एकदा. उरलेल्या वेळी नळवाहिनी रिकामी असते. शेजारून गटार जात असेल आणि दोन्हींचे सांधे झिजलेले असतील तर रिकाम्या वाहिनीत गटाराचे पाणी झिरपते, आणि पाणी सुटताच सगळ्यात आधी तेच नळातून येते. नळाला थेट मोटार लावून पाणी खेचले की वाहिनीतील दाब आणखी घटतो आणि हा प्रकार वाढतो. सुरुवातीचे गढूळ पाणी सोडून द्यावे, पिण्यासाठी मागाहून भरावे, मोटार टाकीतून जोडावी, ही घरची दक्षता. नळवाहिनी आणि गटार वेगळे ठेवणे, गळती शोधणे, शक्य तेथे दाब कायम राखणे हे नगरपालिकेचे काम. त्याला घरातला माणूस पर्याय होऊ शकत नाही. खेड्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून अर्ध्या तासाने क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी करायची असते. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसले तरच ते पाणी निर्जंतुक झाले असे धरतात. ही चाचणी करणारा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक गावाच्या आरोग्याचा पहारेकरी असतो, आणि त्याला वेळेवर पावडर व मानधन मिळाले पाहिजे.

घरात खात्रीचा उपाय एकच: खळखळून उकळी. पाणी उकळल्यावर एक मिनिट तसेच राहिले की ए आणि ई दोन्ही संपतात. तुरटी गाळ खाली बसवते, विषाणू मारत नाही. चार पदरी फडके किंवा साधी कँडल त्याला अडवू शकत नाही, कारण तो मिलिमीटरच्या सुमारे तीस हजाराव्या भागाएवढा असतो. अतिनील किरणांचे यंत्र पाणी नितळ असेल तरच नीट काम करते. बर्फात विषाणू मरत नाही, गोठून राहतो. म्हणून बर्फाचा गोळा, रस्त्यावरची पाणीपुरी, पाण्याने पातळ केलेली कच्ची चटणी, चिरून उघडी ठेवलेली फळे पावसाळ्याच्या तोंडाला टाळावीत.

येथे उसाच्या रसाबद्दल सांगितले पाहिजे. कावीळ झाली की उसाचा रस पाजायचा, ही महाराष्ट्रातील घरोघरची रीत. रसातील साखरेने थोडी शक्ती येते हे खरे, पण यकृत बरे होण्याशी त्याचा संबंध नाही. आणि गुऱ्हाळाच्या किंवा गाडीवरच्या रसात पडणारा बर्फ, चरकावर शिंपडलेले पाणी आणि बादलीत बुचकळलेले पेले हाच विषाणूचा रस्ता असू शकतो. रुग्णाला हवा असल्यास घरी धुतलेल्या उसाचा, बिनबर्फाचा द्यावा.

काविळीची माळ, हातावरचे डाग, नाकात टाकायचे थेंब, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळेपणा उतरवणे, हे सगळे टिकून राहिले आहे त्याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. ए आणि ई बहुतेकांत चार ते सहा आठवड्यांत आपोआप ओसरतात, आणि त्या मुदतीत जे काही केले त्याला श्रेय मिळते. माळेचे देठ वाळले की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. कावीळ उतरत असल्याची ती खूण मानली जाते, पण ती निरोगी माणसाच्या गळ्यातही तशीच लांबेल. डागाने जखम चिघळते. नाकात टाकलेल्या कडू रसाने नाकातून पिवळट पाणी वाहते ते आतल्या त्वचेच्या दाहामुळे. ज्यांनी हे उपाय केले त्यांची निंदा करण्यात अर्थ नाही. जवळ डॉक्टर नव्हता तेव्हा माणसांनी हाताशी होते ते धरले. धोका वेगळाच आहे. ज्या थोड्यांचे यकृत निकामी होत चालले आहे, त्यांचे मोलाचे दिवस यात जातात. झोप उलटीपालटी होणे, बडबड, गुंगी, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे ही मोठ्या रुग्णालयात तातडीने नेण्याची लक्षणे आहेत. बाकी रुग्णाला पुरेशी विश्रांती, पचेल ते सर्व अन्न आणि दारूपासून पूर्ण दूर राहणे पुरते. हळद बंद करण्याचे कारण नाही. भाजीतल्या हळदीने बिलिरुबिन वाढत नाही. ताप-अंगदुखीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण पॅरासिटामॉल जास्त झाले तर सुजलेल्या यकृतावरच घाव घालते.

आता पांढरी कावीळ. १९६० च्या दशकात अमेरिकी संशोधक बारूख ब्लुमबर्ग जगभरच्या लोकांच्या रक्तातील प्रथिनांचा अभ्यास करत होते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना आणि हार्वी ऑल्टर यांना एक अनोळखी प्रथिन आढळले. १९६५ मध्ये त्यांनी ते ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणून प्रसिद्ध केले. पुढे ते हिपॅटायटिस बी विषाणूचे बाह्य कवच ठरले. आजही बी ची पहिली तपासणी, एचबीएसएजी, याच कवचाचा शोध घेते. ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

बी च्या बाबतीत संसर्ग कोणत्या वयात झाला यावर सारे आयुष्य ठरते. प्रौढाला झाला तर ९५ टक्क्यांहून अधिक जण विषाणूला पूर्ण घालवून देतात. जन्मताना आईकडून बाळाला झाला तर सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो, कारण कोवळी प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखत नाही. अशा बाळाला कावीळ होत नाही. ते छान वाढते, शाळेत जाते, आणि ऐन चाळिशीत सिऱ्होसिस किंवा यकृताचा कर्करोग घेऊन रुग्णालयात येते. सगळा घात पहिल्या दिवशी झालेला असतो, म्हणून त्यावरचा उपायही पहिल्याच दिवशी करावा लागतो. जन्मानंतर २४ तासांच्या आत बी च्या लसीचा एक डोस, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लसीतून तीन डोस, असा भारताचा सरकारी कार्यक्रम आहे. आई बाधित असेल तर बाळाला लसीबरोबर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीही देतात, आणि आईच्या रक्तात विषाणू फार असतील तर गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत तिला टेनोफोविर हे विषाणूला दाबणारे औषध दिले जाते. एवढे झाल्यावर आईने बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. जन्मडोस चुकतो तो बहुधा क्षुल्लक कारणाने: प्रसूती रात्री झाली, रविवार होता, परिचारिका सकाळी देऊ म्हणाली. प्रत्येक गर्भवतीची एचबीएसएजी तपासणी आणि प्रत्येक बाळाचा पहिल्या दिवसाचा डोस, ही दोन कामे चोख झाली तर पुढच्या पिढीतून हा रोग जवळजवळ नाहीसा होईल. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना लस सुरू केली आणि तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण उतरल्याचे पुढे मोजून दाखवले. कर्करोग टाळणारी ही पहिली लस.

लस आधी बाधितांच्या रक्तद्रवापासून बनत असे. १९८६ पासून ती यीस्टच्या पेशींत जनुकीय तंत्राने बनू लागली. आयात लस महाग असल्याने भारतातील सामान्य घरांच्या हाती ती लागत नव्हती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने के. आय. वरप्रसाद रेड्डी यांच्या पुढाकाराने शानव्हॅक-बी ही देशी लस आणली आणि किमती कोसळल्या. सरकारी कार्यक्रमात ही लस येऊ शकली त्यामागे ही स्वस्ताई आहे.

बी फार चिवट आहे. वाळलेल्या रक्ताच्या डागात तो किमान सात दिवस जिवंत राहतो. बाधित सुई टोचली आणि लस घेतलेली नसेल तर बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत, सी चा सुमारे ३ टक्के आणि एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्का असतो. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा परिसरात एकदा वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने बी चा उद्रेक झाला आणि अनेक जण मृत्युमुखी पडले. आपल्याकडे गोळीपेक्षा सुईवर विश्वास अधिक. अंगात कसकस असली तरी सुई मारा असे रुग्ण स्वतःच सांगतो, आणि सुई न देणारा डॉक्टर कच्चा ठरतो. अनावश्यक सुई नाकारणे आणि आवश्यक सुई डोळ्यांदेखत फोडलेल्या नव्या पाकिटातून घेणे, हा रुग्णाचा हक्क आहे आणि तो मागायला संकोच वाटू नये. हीच गोष्ट केशकर्तनालयातील वस्तऱ्याच्या पात्याची, जत्रेतील गोंदणाच्या सुईची, कान टोचणाऱ्याच्या तारेची. घरात एकमेकांचे दाढीचे ब्लेड, दात घासण्याचा ब्रश, नखे काढायचे कटर वापरू नये. शरीरसंबंधातूनही बी पसरतो. तेथे कंडोम आणि जोडीदाराची लस या दोन्ही गोष्टी आवश्यक.

सी चा इतिहास म्हणजे सुईने केलेल्या उपकाराचा अपकार कसा होतो याचा इतिहास. इजिप्तमध्ये १९५० च्या दशकापासून तीन दशके, नाईलकाठच्या शेतकऱ्यांना छळणाऱ्या शिस्टोसोमा या कृमिरोगावर शिरेतून औषध देण्याची मोहीम चालली. काचेच्या सिरिंजा नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या आणि लाखो लोकांच्या रक्तात एक अनामिक विषाणू शिरला. त्याला नावही नव्हते. ए नाही, बी नाही एवढेच डॉक्टर म्हणत. १९८९ मध्ये मायकेल हाउटन आणि सहकाऱ्यांनी त्याचा जनुकीय तुकडा पकडला. त्यानंतर रक्तपेढ्यांत चाचणी सुरू झाली. ऑल्टर, हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. भारतात रक्तपेढ्यांना ही चाचणी बंधनकारक झाली ती या शतकाच्या आरंभी. त्याआधी रक्त घेतलेल्या, थॅलेसेमियाच्या, डायलिसिसवर असलेल्या आणि नशेसाठी सुई वापरणाऱ्या व्यक्तींनी एकदा तरी सी ची तपासणी करून घ्यावी.

सी वर लस नाही. विषाणू आपले रूप सतत बदलतो. पण औषध आहे, आणि जुनाट विषाणुरोगांत पूर्ण बरा होणारा असा दुसरा रोग सांगणे कठीण. सोफोसबुविर अमेरिकेत २०१३ मध्ये आले तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर होती. परवान्याखाली भारतीय कंपन्यांनी ते बनवायला घेतल्यावर किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या बारा आठवडे घेतल्या की ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण विषाणुमुक्त होतात. पंजाबने २०१६ मध्ये हे उपचार मोफत सुरू केले आणि २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून ते देशभर मोफत झाले. इजिप्तनेही २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी करून औषधे दिली. ज्या देशात सी चे ओझे सर्वाधिक होते तो आज हा विषाणू हटवण्याच्या उंबरठ्यावर आहे. बी ची स्थिती वेगळी: टेनोफोविर किंवा एन्टेकाविर विषाणूला दाबून ठेवतात, पण पेशीच्या केंद्रात दडलेला त्याचा साचा नष्ट करू शकत नाहीत. गोळी बहुधा वर्षानुवर्षे चालते आणि मधेच थांबवली तर यकृतदाह उसळतो. काही बाधितांना औषधाची गरजच नसते, पण दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवून चालत नाही.

डी हा परावलंबी विषाणू आहे. मारिओ रिझेत्तो यांनी १९७७ मध्ये इटलीतील तुरिन येथे तो शोधला. त्याला स्वतःचे कवच नाही, तो बी चे कवच उसने घेतो, म्हणून बी नसलेल्या माणसाला तो होऊच शकत नाही. दोन्ही एकत्र आले की यकृताची हानी झपाट्याने होते. बी ची लस घेतलेला माणूस डी पासूनही सुरक्षित असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना बी आणि ५ कोटी लोकांना सी चा जुनाट संसर्ग होता, आणि हिपॅटायटिसने १३ लाख मृत्यू झाले. भारतातील आकडे २.९८ कोटी आणि ५५ लाख. यांतील बहुतेकांना आपल्याला काही आहे याची कल्पना नाही. रक्तदान शिबिरात, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा परदेशी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत अहवाल हाती पडतो आणि त्याच दिवसापासून घरात ताटे वेगळी होतात, ठरलेले लग्न मोडते, कामावर बोलावणे थांबते. हा अन्याय निव्वळ अज्ञानातून होतो. बी आणि सी एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकाच संडासाचा वापर केल्याने, खोकल्याने किंवा डास चावल्याने पसरत नाहीत. बाधित व्यक्ती शिकू शकते, नोकरी करू शकते, लग्न करू शकते, निरोगी बाळाला जन्म देऊ शकते.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आले की पुढची पायरी यकृततज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयातील उपचार केंद्राकडे जाऊन विषाणूंची मोजणी, यकृताच्या एन्झाइम्सची चाचणी आणि सोनोग्राफी करून घेण्याची असते. घरातील पती किंवा पत्नी, मुले, आईवडील आणि भावंडे यांची एचबीएसएजी तपासणी त्याच आठवड्यात व्हावी, आणि जे निगेटिव्ह आहेत त्यांनी आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे लसीचे तीन डोस घ्यावेत. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीचे प्रमाण मिलिलिटरमागे १० मिलियुनिट किंवा अधिक आढळले तर ती व्यक्ती संरक्षित झाली. त्याहून कमी असेल तर पुन्हा तीन डोसांची मालिका देतात.